वादळात पडलेल्या अनंताची कलमं

३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आमच्या दापोली तालुक्यालाही झोडपून काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोपवाटिकेतलं फाटलेलं शेडनेट गोळा करत होतो, तेवढ्यात शेजारच्या वाडीतल्या काकी आल्या. गोणपाटात अनंताच्या फांद्या. सासूबाईंनी लावलेलं दारातलं झाड मुळासकट आडवं झालेलं.

"बघ रे, यातलं काही वाचतंय का."

डबल पाकळीचा अनंत. त्याला बी धरत नाही, म्हणजे छाटकलम (काडी कापून रुजवणं) किंवा गुटी (फांदी झाडावरच असताना तिला मुळं फोडून घेणं) एवढाच मार्ग. आणि मुळं उघडी पडल्यावर गुटी बांधून वाट बघायची सोय राहत नाही. नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं. पण शेंड्याची पानं खाऱ्या वाऱ्याने करपली होती, आणि खालचं लाकूड जून. जून लाकडाला मुळं सहजासहजी फुटत नाहीत. म्हटलं, काकी, झाड दाखवा.

रस्ताभर माड आडवे, त्यामुळे चालतच गेलो. झाड गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, कलंडलं होतं आणि बुंध्याजवळ, गडग्याच्या आडोशाला, याच वर्षीचे फुटवे शाबूत होते. पेन्सिलीएवढे जाड, खाली तपकिरी होत आलेले, वर हिरवे. कलमाला हवी ती हीच काडी. जीव भांड्यात पडला.

चार-पाच इंचांचे तुकडे केले, प्रत्येकाचा खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या पेराच्या, लगेच खाली, तिरका. खालची पानं काढली, वरची दोन ठेवून तीही अर्धी कापली; मुळं नसताना पानांतून पाणी उडत राहिलं तर काडी सुकते. दोन फुटव्यांना कळ्या होत्या. त्या खुडायला लागलो तर काकींनी हात धरला.

"यंदाची शेवटची फुलं असतील रे."

मी खुडल्याच. काडीतला साठा कळीकडे गेला तर मुळांना काय उरणार? काकी गप्प राहिल्या; त्यांना वाईट वाटलं हे दिसत होतं.

तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळून आणले, विहिरीच्या पाण्याने मीठ धुतलं, बुडखे आयबीएच्या (मुळं फुटायला मदत करणाऱ्या संजीवकाच्या) भुकटीत बुडवून जास्तीची झटकली. लावायला रेती आणि कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) निम्मं-निम्मं. काडीने आधी भोक पाडायचं, नाहीतर भुकटी तिथेच पुसून जाते.

वीज कित्येक दिवस नव्हती, त्यामुळे हवा दमट ठेवणारा फॉगर बंद. बांबूच्या कामट्यांवर प्लॅस्टिक ताणलं. बाकी काम पावसाळी हवेने केलं. कोकणात जूनमध्ये दमटपणाची वाण नसते, भीती असते ती कुजण्याची. म्हणून रोज थोडा वेळ प्लॅस्टिक उघडायचो, आणि काळी पडलेली काडी त्याच दिवशी बाहेर.

जास्वंद महिनाभरात मुळं धरते. अनंताला सहा ते आठ आठवडे लागतात, मध्ये उकरून बघायचा मोह टाळावा लागतो. बऱ्याच काड्या गेल्या. उरलेल्या हलक्या ओढल्या तर हाताला धरून राहिल्या, तेव्हा तांबडी माती आणि कुजलेलं शेणखत घालून पिशव्यांत भरल्या. आपली जांभ्याची आम्लधर्मी माती अनंताला मानवते.

रोपं गणपतीनंतर नेली. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मागच्या पडवीजवळ लावा, असं मी काकींना सांगितलं. एक त्यांनी तिथे लावलं. दुसरं मात्र दारातच हवं म्हणाल्या. मग समुद्राच्या बाजूला झापांचा आडोसा बांधून दिला.