सगळ्यात आजारी गाय निगेटिव्ह आली

संगमनेरकडं गोठा आहे माझा, 11 एचएफ (होल्स्टीन) गायी. हिवाळ्यात एक गाय सातव्या महिन्यात गाभडली, म्हटलं होतं कधीकधी, पण पंधरा दिवसांत दुसरी पण, आणि बाजारातून आणलेल्या तिसरीच्या नाकातून शेंबूड, डोळ्यातून पाणी, दूध निम्म्यावर. तिचा एक सड कडक लागत होता म्हणून मी आपला दगडी (कासेची सूज) दगडी करत बसलो. डॉक्टर म्हणाले दगडीचं औषध चालू ठेव पण हे आयबीआर (नाका-श्वासाचा विषाणूचा रोग, यानं गाय गाभडते) वाटतंय, ब्रुसेला (गाभडवणारा जिवाणू) पण बघू, सगळ्यांचं रक्त पाठवू.

पहिल्या वेळी मीच घाण केली. मानेच्या शिरेतून काढलेलं रक्त तसंच बाइकच्या डिकीत टाकून खडखडत नेलं, पेशी फुटून सगळं लाल झालं, लॅबनं परत पाठवलं. मग दुसऱ्यांदा नळ्या न हलवता रक्त गोठू दिलं, वरचं पिवळं पाणी म्हणजे सिरम डॉक्टरांनी वेगळं काढलं आणि बर्फात घालून पाठवलं.

रिपोर्ट आला, ब्रुसेला कुणालाच नाही, आयबीआरला 5 पॉझिटिव्ह, त्यात गाभडलेल्या दोन्ही, आणि जी शिंकत होती ती निगेटिव्ह! मी म्हटलं लॅबवाल्यांनी नळ्या बदलल्या. डॉक्टर हसले, एलायझा म्हणजे या रक्ताच्या तपासणीत विषाणू दिसत नाही, अँटीबॉडी दिसतात, आणि त्या बनायला आठवडा दोन आठवडे लागतात. तीन आठवड्यांनी तिचं परत रक्त दिलं तर पॉझिटिव्ह, म्हणजे तिचं इन्फेक्शन ताजं आणि बाकीच्यांचं आधीचं (लसीनंही अँटीबॉडी बनतात, पण लस आम्ही कधी दिलीच नव्हती). दोन महिन्यांची कालवड पण पॉझिटिव्ह आली पण तिच्या अँटीबॉडी म्हणे आईच्या चिकातून आलेल्या असू शकतात, सहा महिन्यांनंतर परत बघायचं.

पॉझिटिव्ह गायी विकून टाकाव्या असं डोक्यात आलेलं, खोटं कशाला बोलू. पण हा विषाणू मज्जातंतूंत लपून जन्मभर राहतो, वेताचा नाहीतर प्रवासाचा ताण आला की परत नाकातून बाहेर, म्हणजे ट्रकमध्ये घालून दुसऱ्याच्या दावणीला रोगच पोचवायचा. ठेवल्या. दूध देतात व्यवस्थित. वळूकडूनही हा रोग येतो म्हणून शेजारचा वळू मात्र बंद, आता तपासलेल्या वळूचंच सिमेन.

नवीन गाय घ्यायची तर आधी रक्त, मग तीन आठवडे वेगळी बांधायची. परवा व्यापाऱ्याला रिपोर्टचं विचारलं तर म्हणतो, भाऊ गाय घेताय का सोयरीक जुळवताय?