नाणूसचा २६ जानेवारी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाळपईत २६ जानेवारीला दोन कार्यक्रम असतात. सकाळी शाळेत झेंडावंदन, मग नाणूसला पोर्तुगिजांविरुद्ध बंड करणाऱ्या दीपाजी राणे यांना मानवंदना. १८५२ साली याच तारखेला दीपाजींनी नाणूसचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला. भारताचं प्रजासत्ताक त्यानंतर ९८ वर्षांनी आलं आणि गोवा मुक्त व्हायला तर १९६१चा डिसेंबर उजाडला. तारखा जुळल्या हा निव्वळ योगायोग, पण दर वर्षी एक तरी वक्ता त्यात दैवी संकेत शोधतोच.

किल्ला म्हणून बघायला गेलात तर निराश व्हाल. राजगड-रायगड डोळ्यांसमोर ठेवून आलेले पाहुणे हमखास विचारतात, "किल्ला कुठे आहे?" तुम्ही त्यातच उभे आहात, असं सांगावं लागतं. महत्त्व दगडांपेक्षा जागेचं आहे. खाली म्हादई, भोवती सत्तरीचं रान. दीपाजींना इथे शस्त्रं आणि दारूगोळा मिळाला आणि पुढे साडेतीन वर्षं पोर्तुगीज सैन्य या रानात त्यांच्यामागे धावत राहिलं. शेवटी १८५५ साली सरकारला तह करावा लागला.

भाषणं मात्र किल्ला घेतला इथेच टाळ्यांसाठी थांबतात. तहात काय होतं, बंड झालंच कशासाठी, यावर कोणी फारसं बोलत नाही. नवे कर, जमिनीवरचे हक्क आणि राण्यांचे स्वतःचे मोकाशे, म्हणजे इनामात मिळालेली गावं, सगळं त्यात होतं. राणे लढले ते आपल्या वतनासाठीही लढले. हे म्हटलं की काही मंडळींना राग येतो. मला त्यात कमीपणा वाटत नाही. वतनदाराचं गाऱ्हाणं आणि कुळाचं गाऱ्हाणं काही काळ एका वाटेने गेलं, म्हणून तर रानातल्या माणसांनी त्यांना लपवलं, जेवू घातलं. पुढे कुष्टोबा राणे उठले, १८९५ साली दादा राणे उठले. ते बंड मोडायला पोर्तुगालच्या राजाचा सख्खा भाऊ फौज घेऊन आला होता. एवढ्याशा सत्तरीसाठी!

या वेळी कार्यक्रम संपल्यावर चहा-भजी घेत होतो. शेजारी ओळखीचे एक आजोबा बसले होते, काजूवाले. काजींना मोहोर धरलाय, धुकं पडलं तर जळेल, या काळजीत. मी विचारलं, भाषण कसं वाटलं? म्हणाले, "भाशण बरें जालें रे बाबा. पूण म्हज्या काजींचो एक-चवदा कोणाच्या नांवार आसा, तें कोण सांगतलो?"

सत्तरीबाहेरच्यांना यातली मेख कळणार नाही. इथल्या मोकाशाच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या कितीतरी घरांच्या नावावर जमीनच नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे आमच्या सातबारावर, नाव दुसऱ्याचं, घाम यांचा. २०२१च्या जानेवारीत सत्तरीतल्याच मेळावलीत आयआयटीच्या जागेवरून लोक रस्त्यावर उतरले, बायका सर्वांत पुढे होत्या, आणि सरकारला तो प्रकल्प तिथून हलवावा लागला. नाणूसच्या मंचावरून मी त्याचा उल्लेख एकदाही ऐकलेला नाही. मंचावर कोण बसतं हे पाहिलं तर ते स्वाभाविकही आहे.

खरं तर आमच्या लोकांना लढाई आठवायला मंच लागत नाही. शिगम्यात घोडेमोडणी निघते, कंबरेला लाकडी घोडे बांधून, हातात तलवारी घेऊन पोरं नाचतात. पोर्तुगिजांवरच्या विजयाची ती आठवण, असं जुनी माणसं सांगतात. तिथे प्रमुख पाहुणे नसतात आणि कोणी घड्याळही बघत नाही.

पुढच्या वर्षी मला पाच मिनिटं द्या, मी फक्त मोकाशावर बोलेन, असं आयोजकांना सांगून ठेवलंय. "बघूया हां" म्हणालेत. गोव्यात "बघूया"चा अर्थ काय ते तुम्हाला ठाऊक आहे, पण मी मुद्दे लिहायला घेतलेत.