आमची वाटचाल : सशाच्या सीरमपासून पीसीआरपर्यंत

डासाने कोणाचं रक्त प्यायलं ते सांगणं, हा आमचा धंदा. सुरुवात अँटिसीरमपासून झाली, म्हणजे एखाद्या प्राण्याचं रक्त ओळखणारी प्रतिद्रव्यं असलेलं सीरम (गोठलेल्या रक्तावरचं पाणी). सशाला गाईचं, शेळीचं, माणसाचं सीरम टोचायचं आणि टायटर, म्हणजे प्रतिद्रव्यांचं प्रमाण, चढला की रक्त काढायचं. एवढं कोणीही करतं. खरं काम अॅब्झॉर्प्शनचं. गाईच्या अँटिसीरमात शेळीचं सीरम घालून शेळीलाही लागू पडणारी नको ती प्रतिद्रव्यं खाली बसवायची, सेंट्रिफ्यूज करून गाळ फेकायचा. मग अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या थराच्या, मधल्या खळग्यात कागदावर चिरडलेल्या डासाच्या रक्ताच्या डागाचा अर्क, भोवती अँटिसीरम, आणि दुसऱ्या दिवशी जिथे पांढरी रेघ उमटेल तो प्राणी. गाय-म्हैस इतक्या जवळच्या की त्या वेगळ्या करून देऊ, असं आम्ही पत्रकावर कधीच छापलं नाही.

छापलं ते दुसऱ्या एका लॅबवाल्याने. दर आमच्या निम्मा, अॅब्झॉर्प्शनच्या नावाने शंख. टेंडर अर्थातच त्याला. इकडे आमची जुनी बिलं अडकलेली, सशांचं खाद्य उधारीवर, बायकोच्या पाटल्या सोनाराकडे.

तारलं ते अण्णांनी. हिवताप विभागातले निवृत्त कीटक समाहारक, आमचे पहिले भागीदार. सक्शन ट्यूबने पहाटे डास ओढायचे, मादीचं फुगलेलं पोट व्हॉटमन नंबर एकच्या कागदावर चिरडायचे आणि शेजारी पेन्सिलीने नंबर घालायचे, कारण शाई फुटते. त्यांनी खाटकाकडून शेळीचं रक्त आणलं, तसेच डाग पाडले आणि विभागातल्या साहेबांना सांगून इतर कागदांत मिसळून दोन्हीकडे पाठवले. आमचं उत्तर शेळी. त्या दुसऱ्या लॅबवाल्याचं गाय! पुढची ऑर्डर आमच्याकडे आली. आधीच्या अहवालांबद्दल मात्र आजवर कोणी चकार शब्द काढलेला नाही.

पुढे पीसीआर आलं, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत. सायटोक्रोम बी जीन, एकाच नळीत पाच प्राणी, तुकड्याच्या लांबीवरून (ती बेसपेअरमध्ये मोजतात) प्राणी ओळखायचा : शेळी १३२ बेसपेअर, माणूस ३३४, डुक्कर ४५३, गाय ५६१, कुत्रा ६८०. त्यासाठीचं यंत्र, थर्मल सायकलर, सेकंडहँड घेतला, अजून चालतो. ससे गेले.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. क्युलिसिफेसिस, म्हणजे हिवताप पसरवणारे अॅनोफिलीस जातीचे डास, नुसते गोठ्यातून पकडाल तर गाईचंच रक्त निघणार. त्यावरून ‘माणसाला चावत नाही’ असं लिहू नका. घरातलेही पकडा. पोट लाल असतानाच चिरडा, काळं पडलं की रक्त पचत आलेलं असतं. आणि ओला कागद प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. बुरशी धरते, निकाल लागत नाही. तपासणीचे पैसे तरीही पडतात.