यवतेश्वरचा घाट, बाबांची मारुती ८०० आणि एक झाकण

यवतेश्वरच्या घाटात निम्म्यावर आलो आणि बाबा म्हणाले, "वास येतोय बघ." कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात मिसळतात तो द्रव; जुन्या कूलंटचा गोडसर, घशाला चिकटणारा वास. तोवर इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकला होता. पुढच्या वळणावर जरा रुंद जागा होती, तिथे गाडी कडेला घेऊन बंद केली. बॉनेटच्या फटीतून वाफ निघायला लागली. खाली सातारा पसरलेला, वर एप्रिलचं अकरा वाजताचं ऊन.

मागून दुचाकीवरून आलेला एक मुलगा थांबला. "मामा, पाणी वतू का वरनं?" त्याच्याकडे पाच लिटरचा कॅन होता. बाबांनी त्याला हातानंच थांबवलं. "नको रे बाळा. तापल्या इंजिनावर गार पाणी पडलं की हेड, इंजिनाचा वरचा भाग, वाकतं." रेडिएटरच्या झाकणालाही त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं. झाकण सैल झालं की ते उसळून थेट तोंडावर येतं. बॉनेट उघडं ठेवून आम्ही पाऊण तास झाडाखाली बसलो. तो मुलगाही बसला. जाताना कॅन आमच्यापाशी ठेवून गेला, "वाटंत लागंल" म्हणत.

गाडी १९९८ ची. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटर. सकाळी चोक ओढून चालू करायची. बाबांनी ती घेतली त्याच वर्षी आजीला घेऊन ते बामणोलीला गेले होते. आजीचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं. साठच्या दशकात धरण झालं, शिवसागर जलाशयाचं पाणी चढलं आणि गाव त्यात गेलं. बामणोलीच्या काठावर उभं राहून आजीनं पाण्यावर बोट दाखवलं होतं, "तिकडं आमचं घर." बाबांना यंदा पुन्हा तिथे जायचं होतं, आणि याच गाडीतून. दुसऱ्या गाडीचा विषय मी काढलाच नाही.

पुण्याहून निघाल्यापासून मी काट्याकडे बघत होते. शिरवळपर्यंत तो निम्म्याच्या खाली, हलायचं नाव नाही. खंबाटकीचा घाट चढताना बोटभर वर सरकला, उतार लागताच जागेवर आला. साताऱ्यात चहाला थांबलो, गाडी बराच वेळ चालू राहिली, तरी काही नाही. आणि इथे, दुसऱ्या गिअरमध्ये चढताना, वाफ.

इंजिन गार झाल्यावर झाकणावर जाड फडकं टाकून ते उघडलं, पाणी भरलं आणि गाडी उतारानं हळूहळू खाली आणली. हीटर पूर्ण उघडला होता. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता तो गाडीच्या आत ओढून घेतो. त्या उन्हात पाय भाजत होते, पण काटा खाली राहिला.

पहिल्या गॅरेजात बॉनेट उघडायच्या आधीच निकाल लागला. "हेड गॅस्केट, हेडखालचं सील, गेलंय, इंजिन खोलावं लागंल. तोवर थर्मोस्टॅट वॉल काढून टाकतो, आपल्या हवेला लागत न्हाय." या दुसऱ्या वाक्याचा मला मनापासून राग आहे, कारण ते मी इतक्या ठिकाणी ऐकलंय. थर्मोस्टॅट म्हणजे तापमानानुसार उघडणारा व्हॉल्व्ह. तो बंद असताना पाणी इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. साधारण ८० अंशांच्या पुढे तो उघडला की पाणी रेडिएटरकडे जातं. तो काढला की इंजिन बराच वेळ थंडच चालतं, चोक जास्त वेळ ओढावा लागतो, पेट्रोल वाढतं, झीज वाढते. आणि मूळ दुखणं तसंच राहतं, फक्त झाकलं जातं. आम्ही गाडी घेऊन निघालो आणि समर्थ मंदिरापाशी आत्याकडे मुक्कामाला गेलो.

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना बाबांनी बॉनेट उघडलं आणि मला हाक मारली. रेडिएटरशेजारची, जादा पाणी साठवणारी प्लॅस्टिकची बाटली काठोकाठ भरलेली होती. रेडिएटरचं झाकण काढलं तर आत पाणी चार बोटं खाली. आदल्या दिवशी घाटात आम्ही तो गळ्यापर्यंत भरला होता. खाली फरशीवर एक थेंबही नव्हता. म्हणजे पाणी गळत नव्हतं. ते बाटलीत जात होतं आणि परत येत नव्हतं.

आत्या मागून म्हणाली, "दादा, आधी चहा घे, मग बघ काय ते." चहा गार झाला.

आत्याच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री आहेत, साठी ओलांडलेले. त्यांनी गाडीला हात लावला नाही, आधी मला विचारलं, "ताई, किती तापती ते ऱ्हाऊ द्या. कधी तापती ते सांगा."

मी खंबाटकीपासून सगळं सांगितलं. ते बोटांवर मोजत गेले. उभ्या गाडीत, गर्दीत तापली असती तर फॅन बघायचा, कारण तेव्हा वारा फक्त फॅनचा. हायवेला सलग वेगात तापली असती तर रेडिएटर चोकअप, नाहीतर पाण्याचा पंप, नाहीतर बेल्ट सैल. फक्त चढाला तापते म्हणजे बाकीचं बरंचसं चालू आहे, आणि काहीतरी थोडक्यात कमी पडतंय.

तरीही त्यांनी प्रत्येक गोष्ट तपासली, आणि ते बघताना मला फार बरं वाटलं. झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू केलं: गॅस्केट गेलं असतं तर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतच राहिले असते. सुरुवातीला दोन-चार आले आणि थांबले. गॅस्केट गेल्याच्या बाकीच्या खुणाही नव्हत्या: ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी पाइप, तापला आणि थोड्या वेळानं खालचाही, म्हणजे थर्मोस्टॅट उघडतोय. काटा निम्म्याच्या वर गेल्यावर फॅन आपोआप लागला, जरा वेळानं बंद झाला. इंजिन बंद करून त्यांनी रेडिएटरच्या जाळीवर तळवा फिरवला. कुठे गार पट्टा लागला नाही, म्हणजे नळ्या मोकळ्या.

मग रेडिएटरचं झाकण हातात घेतलं. वरचं चपटं रबर कडक होऊन चिरलेलं. खालचं रबर नखानं दाबलं तर खडूसारखं. "ह्येच बघा."

या झाकणाला दोन कामं असतात. झाकणावर ०.९ असा आकडा असतो: तेवढा दाब, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलो, येईपर्यंत ते पाणी अडवतं. त्याच्या पुढे गेलं तर जादा पाणी बाटलीत सोडतं आणि इंजिन गार होताना तेच पाणी परत आत ओढू देतं. आमच्या झाकणाचं खालचं रबर दाब धरत नव्हतं, म्हणून पाणी लवकर उकळून बाटलीत जायचं. वरचं रबर चिरलेलं, म्हणून गार होताना पाण्याऐवजी हवा आत यायची. झाकणातली, पाणी परत आत घेणारी झडप अडकली असती तर वरचा होज चपटा झाला असता, हे मिस्त्रींनी सांगितलं; आमचा गोल होता, कारण हवा आत जात होती. एका झाकणासाठी इंजिन खोललं गेलं असतं.

नवं झाकण दोनशेच्या आत मिळालं. रेडिएटर धुतला, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. मजुरी विचारली तर मिस्त्री म्हणाले, "घाट चढून या, मग बघू." बाबांनी ऐकलं नाही, पैसे देऊनच निघाले.

पुन्हा तोच घाट, तेच वळण. एसी नसलेली गाडी, काचा खाली, दुसरा गिअर. काटा निम्म्याच्या वर गेला आणि तिथेच राहिला. बाबा एक शब्द बोलले नाहीत. कासचं पठार एप्रिलमध्ये वेगळंच दिसतं: फुलं नाहीत, गर्दी नाही, काळपट जांभा आणि वाळकं गवत. इथे उंची साधारण १,२०० मीटर, उघड्या भांड्यात पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकण दाब धरत असेल तर तेच पाणी ११५ अंशांपर्यंत उकळत नाही. आमच्या गाडीकडे हीच वीसेक अंशांची जागा उरली नव्हती. कास तलावाशी थांबून त्या मुलाचा कॅन भरून घेतला. साताऱ्याला याच तलावाचं पाणी जातं, आत्याकडचा चहाही त्याचाच.

बामणोलीला पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. एप्रिलमुळे पाणी बरंच खाली गेलेलं, काठाला तांबडी माती उघडी पडलेली. बाबा काठावर उभे राहिले आणि बऱ्याच वेळानं त्यांनी हात वर करून दिशा दाखवली. मी फोटो काढला नाही.

रात्री तिथेच राहिलो. सकाळी मला जाग आली तेव्हा ते गाडीपाशी होते, बॉनेट उघडं. बाटलीत पाणी दोन खुणांच्या मधोमध. त्यांनी झाकण फिरवून काढलं आणि मला आत बघायला बोलावलं. हिरवं कूलंट थेट गळ्यापर्यंत होतं.