'हा'ने सुरू होणारी जपानी गाणी: एका यादीचा माझा अनुभव

जपानच्या सैतामा प्रीफेक्चरमधील ज्या डे-सर्व्हिस केंद्रात, म्हणजे वृद्धांच्या दिवसभराच्या देखभाल केंद्रात, मी काळजीवाहक म्हणून काम करते, तेथे दुपारच्या चहानंतर सामूहिक गायन असते आणि त्यासाठी गाणी जपानी वर्णमालेतील एकेका अक्षराप्रमाणे निवडली जातात. एक अक्षर घ्यायचे, त्या अक्षराने शीर्षक सुरू होणारी गाणी आजी-आजोबांनी आठवून सांगायची, ती फळ्यावर लिहायची आणि त्यांतली काही सर्वांनी मिळून म्हणायची, असा हा स्मरणशक्तीचा व्यायाम आहे. कोणी अर्धी ओळ जरी गुणगुणली तरी तिचे शीर्षक आणि शब्द लगेच हाती लागले पाहिजेत, म्हणून यादी आधी तयार ठेवणे ही कर्मचाऱ्याची जबाबदारी असते. माझ्या वाट्याला 'हा' हे अक्षर आले.

पहिला प्रश्न होता तो 'बा' आणि 'पा' यांचा. 'हा'च्या खांद्यावर दोन लहान रेघा दिल्या की 'बा' होतो आणि लहानसे वर्तुळ दिले की 'पा' होतो. जपानी शब्दकोशांत आणि गाण्यांच्या सूचींत ही तिन्ही अक्षरे एकाच घरात नांदतात. उच्चारांत इतका फरक असताना असे का, याचे उत्तर मराठी माणसाला चटकन पटण्याजोगे आहे. जपानी ध्वनींचे कोष्टक 'आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा' या क्रमाने चालते. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला आणि त्या अभ्यासाच्या प्रभावातून हा क्रम घडला, असे भाषेचे अभ्यासक मानतात. शाळेत वर्णमाला घोकलेल्या आपल्यासारख्यांना तो ओळखीचा वाटतो: आधी 'क', पुढे 'त', 'न', आणि 'म'च्या आधी जेथे 'प'ने बसायला हवे, तेथे 'हा' बसलेला. प्राचीन जपानीत या अक्षराचा उच्चार 'पा' असा होता आणि कालांतराने ओठ सैल पडत तो 'हा'पर्यंत आला. म्हणजे प, ब आणि म एका ओळीत आणणारी आपली ओष्ठ्य व्यंजनांची शिस्त त्या कोष्टकात अजून शाबूत आहे. हे ध्यानात आल्यावर 'बा' आणि 'पा' वगळण्याचा विचार मी सोडून दिला. वरिष्ठ सहकाऱ्यांनीही तोच कौल दिला आणि त्यामुळे १९६६ सालचे 'बारा गा साइता' आणि नातवंडांच्या तोंडी असलेले २०१८ सालचे 'पापुरिका', ही दोन्ही गाणी यादीत आली.

दुसरी अडचण कांजीची, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी चित्राक्षरांची होती. शीर्षकाची पहिली कांजी डोळ्यांना दिसते, पण ती कोणत्या उच्चाराने वाचायची हे गाणे माहीत असल्याशिवाय कळत नाही. आईसाठी असलेली कांजी कुठे 'हाहा' वाचली जाते, तर कुठे 'कासान'मधला 'का' होते. वसंताची कांजी एकटी असली तर 'हारु', जोडशब्दात 'शुन'. १८८९ सालच्या 'हानियू नो यादो'ची सुरुवातीची कांजी तर आजच्या तरुण जपानी सहकाऱ्यांनाही वाचता आली नाही, आणि गंमत अशी की हेन्री बिशप यांच्या 'होम, स्वीट होम'च्या चालीवर जपानी शब्द बसवलेले हे गाणे तेथील प्रत्येक आजींना तोंडपाठ आहे. म्हणून मी कॅराओके यंत्राच्या पडद्यावर काना या उच्चारदर्शक लिपीत 'हा' टाकून शोध घेतला आणि जे सापडले ते हाताने वहीत उतरवले. यंत्र 'हा'ची प्रचंड यादी पुढे ठेवते, पण तिच्यात शाळेत शिकवली गेलेली जुनी गाणी नव्या गाण्यांच्या गर्दीत हरवतात. ती वेगळी काढण्यासाठी जपान सरकारच्या संस्कृती विभागाने २००७ मध्ये जाहीर केलेली 'जपानची शंभर गाणी' ही निवड फार उपयोगी पडली. नाव शंभराचे असले तरी तिच्यात गाणी १०१ आहेत.

क्रम लावताना आणखी एक बारकावा पाळावा लागतो. २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर मदतकार्यासाठी २०१२ मध्ये आलेले 'हाना वा साकु' हे गाणे उच्चारात 'वा' घेऊन येते, पण त्या जागी लिहिलेले अक्षर 'हा' असते आणि सूची लिहिलेल्या अक्षरावर चालते. त्यामुळे ते 'हाना नो माची'नंतर लगेच आणि 'हानामिझुकी'च्या बरेच आधी येते. कानावर विसंबून शोधणारा माणूस ते उगाच खालच्या बाजूला शोधत बसतो.

सर्वांत जास्त वेळ मात्र शीर्षक आणि पहिली ओळ यांचा मेळ घालण्यात गेला. वयस्कर माणसांना शीर्षक आठवत नाही, गाण्याचा मुखडा आठवतो. 'आशिता हामाबे ओ' असे कोणी म्हणू लागले तर ऐकणाऱ्याला ते 'आ'चे गाणे वाटेल, पण त्याचे नाव 'हामाबे नो उता' आहे. शब्द हायाशी कोकेई यांचे, संगीत नारिता तामेझो यांचे. कबुतरांच्या बालगीताची गोष्ट तर याहून गुंतागुंतीची आहे. 'पोप्पोप्पो' असे सुरू होणारे, १९११ च्या शालेय गीतसंग्रहातले गाणे सगळे 'हातो पोप्पो' या नावाने ओळखतात, पण त्याचे खरे शीर्षक नुसते 'हातो' आहे. 'हातो पोप्पो' या नावाचे दुसरेच, त्याहून जुने गाणे ताकी रेन्तारो यांच्या संगीतात १९०१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. सुदैवाने दोन्ही 'हा'चीच असल्याने यादीत दोन्ही बसली. अशा प्रत्येक गाण्यापुढे मी मुखड्याचे पहिले दोन-तीन शब्द लाल शाईने लिहून ठेवले, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला तोच रकाना सर्वांत मोलाचा ठरला.

ताकी रेन्तारो यांच्याविषयी थोडे लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. सुमिदा नदीवरचे १९०० सालचे 'हाना' त्यांचे, आणि टोकाइदो मार्गावरच्या दुर्गम घाटाचे १९०१ सालचे 'हाकोने हाचिरी'ही त्यांचेच. पहिले दोन आवाजांत हलकेच वाहणारे, दुसरे कडक पावलांनी चढणारे आणि अवघड चिनी शब्दांनी खच्चून भरलेले. एवढे वेगळे संगीत देणारा हा माणूस १९०३ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी गेला. 'हाना' या एकाच नावाची आणखी गाणी आहेत. ओकिनावाचे किना शोकिची यांचे एक आणि २००४ सालचे ऑरेंज रेंज या बँडचे दुसरे. 'हारु यो कोई' नावाचीही दोन गाणी आहेत, एक १९२३ चे बालगीत आणि दुसरे १९९४ चे. म्हणून शीर्षकाशेजारी साल लिहिणे भाग पडले.

मग आला छपाईचा भाग. गाण्याचे शब्द जाड पेनाने मोझोशी नावाच्या मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर लावतात आणि प्रत्येकाला मोठ्या अक्षरांतली प्रत देतात, पण प्रती काढताना कॉपीराइट पाहावा लागतो. जपानमध्ये ही मुदत २०१८ च्या अखेरीस रचनाकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षांवरून ७० वर्षांवर गेली, तरी ज्यांचे निधन १९६७ पर्यंत झाले होते त्यांच्या रचना आधीच मुक्त झाल्या होत्या. ताकी यांच्या 'हाना'चे गीतकार ताकेशिमा हागोरोमो नेमके १९६७ मध्ये वारले, त्यामुळे त्याचे शब्द निर्धास्तपणे छापता आले. 'हारु नो ओगावा'चे शब्द ताकानो तात्सुयुकी यांचे मानले जातात आणि त्यांचे निधन १९४७ चे, म्हणून तेही मोकळे. मात्र या गाण्याचे शब्द १९४२ मध्ये बदलले गेले, कारण ते तिसऱ्या इयत्तेसाठी घेताना ग्रांथिक भाषा काढून बोलीभाषा घालण्यात आली. आमच्याकडच्या नव्वदीच्या पुढच्या काही आजींच्या घरी मोठ्या भावंडांकडून जुना पाठ आलेला, इतरांना नवा पाठ. मी दोन्ही पाठ एकाखाली एक लिहिले.

प्रत्यक्ष गायनाच्या दिवशी सुरुवात 'हारु गा किता'ने झाली आणि गाडी झपाट्याने पुढे गेली. एका आजोबांनी किताजिमा साबुरो यांचे १९६५ चे 'हाकोदाते नो हितो' मागितले आणि हातातली काठी जमिनीवर आपटत म्हटले. 'हाना नो माची' मी अनुमतीच्या प्रश्नामुळे छापले नव्हते, कारण कवयित्री एमा शोको २००५ मध्ये वारल्या. हे गाणे १९४७ मध्ये एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या रेडिओसाठी झाले. युद्धाने शहरे जळून गेलेली असताना फुलांनी भरलेल्या शहराचे चित्र त्या शब्दांत रंगवले आहे आणि संगीत दान इकुमा यांचे आहे. जी आजी एरवी स्वतःचे आडनावही विसरते, तिने कागद नसताना तिन्ही कडवी सलग म्हटली. शेजारच्या बाईंनी तिसऱ्या कडव्यात तिचा हात धरला आणि मी वहीत 'हाना नो माची'समोर 'शब्द द्यायची गरज नाही' असे लिहिले.

यादी आता केंद्राच्या फाइलीत लावली आहे. 'हि'चे काम दुसऱ्या सहकाऱ्याकडे गेले असून त्याला मी मुखड्याचा रकाना, सालाचा रकाना आणि 'बि' व 'पि' आत घेण्याचा नियम समजावून दिला आहे.