बदकाचं पिल्लू म्हणजे कोंबडीचं पिल्लू नव्हे

सोलापुरात आणि आसपासच्या गावांत कोंबड्या पाळणारी घरं पुष्कळ, बदकं पाळणारी मोजकी. त्यामुळे बदकाचं पिल्लू मान टाकून बसलं की जाणती माणसंही कोंबडीच्या पिल्लाचेच उपाय करू लागतात. पसरट ताटलीत पाणी, समोर कणी, डोक्यावर बल्ब. यातलं प्रत्येक थोडंथोडं चुकतं, आणि अशक्त पिल्लाला तेवढं चुकणंही भोवतं.

आधी ऊब. हातात घेतल्यावर चोच आणि पाय गार लागले तर खाणंपिणं काहीच देऊ नका. गारठलेल्या पिल्लाचं पोट चालत नाही, आणि त्याला नीट गिळताही येत नाही, त्यामुळे पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीवर ३२-३३ अंश हवेत, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी. खोक्याच्या एका कोपऱ्यावर ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब टांगा. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. उरलेलं खोकं गारच ठेवा, म्हणजे पिल्लाला नको झालं की बाजूला सरकता येतं. ते सतत मोठ्यानं ओरडत असेल तर थंडी वाजतेय किंवा एकटं पडलंय. चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल आणि पंख अंगापासून दूर धरत असेल तर उकडतंय.

आपल्याकडे हा दुसरा धोका मोठा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी पारा ४० च्या पुढे असतो. तेव्हा बल्ब बंद ठेवायचा, खोकं घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात न्यायचं आणि शेजारी ओलं गोणपाट टांगायचं. बल्ब लागलाच तर पहाटे. डिसेंबरात उलट: रात्रभर बल्ब, आणि वीज गेली तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवा.

खाली वर्तमानपत्र घालू नका. गुळगुळीत कागदावर पाय घसरतात आणि दोन-तीन दिवसांत ते बाजूला फाकतात. जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा यासाठी उत्तम. वीण जाड आणि घट्ट असते, पंजा रुततो, धुऊन पुन्हा वापरता येतो. टॉवेल घेतलात तर सुटे धागे आधी कापा, नाहीतर नखं अडकतात. पाय फाकलेच असतील तर साधारण १ सेंटिमीटर रुंदीची मायक्रोपोर पट्टी (औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी) दोन्ही पायांना इंग्रजी आठच्या आकड्यासारखी बांधा. पायांत २ ते ३ सेंटिमीटर अंतर राहिलं पाहिजे. दिवसातून दोनदा बघा: पंजा सुजला किंवा निळसर दिसला तर पट्टी घट्ट झालीय. ३-४ दिवस पुरतात. नुकत्याच अंड्यातून आलेल्या पिल्लाला याचा गुण लवकर येतो, मोठं झाल्यावर फार कमी.

पिल्लू गरम झालं की पाणी. पहिले काही तास कपभर कोमट पाण्यात एक छोटा चमचा साखर, नंतर साधं पाणी. ड्रॉपरनं थेंब चोचीच्या कडेला लावा आणि त्याला स्वतः गिळू द्या. तोंडात पिचकारी मारू नका, जिभेच्या बुडाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. उभं राहू लागलं की भांडं इतपत खोल हवं की नाकपुड्यांसकट चोच बुडेल, कारण बदक नाकपुड्या आणि डोळे पाण्यानंच साफ करतं. पण आत गोटे घाला, नाहीतर अशक्त पिल्लू त्यातच बुडतं. कोरडा भरडा आणि लांब ठेवलेलं पाणी हे गळ्यात घास अडकण्याचं नेहमीचं कारण, म्हणून दोन्ही शेजारी-शेजारी. पाणी तासाभरात घाण होतं. नळाला रोज पाणी येत नसलं तरी ते बदलावंच लागतं. उपसलेलं झाडांना घाला.

पोहायला सोडायची घाई नको. आईच्या पोटाखाली पिल्लाच्या अंगाला तेल लागतं, आईविना वाढणाऱ्याला ते मिळत नाही. लव भिजते, पिल्लू गारठतं. पाय कमजोर असतील तर कोमट पाण्यात ५ मिनिटं हातानं धरून तरंगवणं मात्र चांगला व्यायाम आहे. लगेच टिपून बल्बखाली ठेवा.

अंड्यातून येऊन दिवसही झाला नसेल तर खाण्याची चिंता करू नका. पोटातल्या बलकावर ते दीड-दोन दिवस निभावतं. पुढे कोंबडीच्या पिल्लांचा स्टार्टर भरडा ओला करून चालतो, पण औषध न मिसळलेला मागा. बदक जास्त खातं, म्हणून औषधही जास्त पोटात जातं, आणि काही औषधं त्याला सोसत नाहीत. शिवाय त्या भरड्यात नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) कमी असतं: बदकाला किलोमागे ५५ मिलिग्रॅम लागतं, कोंबडीच्या खाद्याचं माप ३० च्या आसपास. कमी पडलं की घोटे जाड होतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, पिल्लू चालायचं सोडून बसून राहतं. लोक याला लकवा समजतात. पहिल्या दिवसांत लक्षात आलं तर ५०० मिलिग्रॅमच्या नायसिनामाइडच्या (नायसिनचाच एक प्रकार) गोळीचा पाव भाग एक लिटर पाण्यात रोज ताजा विरघळवा. हळूहळू विरघळणारी गोळी नको. किंवा कपभर भरड्याला एक मोठा चमचा ब्रूअर्स यीस्ट (बिअरच्या कारखान्यातलं वाळवलेलं, मृत यीस्ट). पावाचं यीस्ट नको, ते जिवंत असतं आणि पोटात आंबतं. हाड वाकडं होऊन पक्कं झालं की यातलं काहीच उपयोगी पडत नाही.

शेंगदाण्याची पेंड आपल्याकडे सहज मिळते, म्हणून एक गोष्ट जोर देऊन सांगतो. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीनं एक लाखाहून जास्त टर्कीची पिल्लं मेली, बदकांची पिल्लंही गेली, आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोध लागला. बदकाचं पिल्लू या विषाला इतकं हळवं की पुढे ते तपासायला त्याचाच वापर झाला. जुनी पेंड, कुबट मका, पावसात भिजून वाळवलेली ज्वारी अजिबात नको. वास बरा वाटतो म्हणून विश्वास ठेवू नका.

जखम असेल तर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ घालून धुवा, मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. तेल-हळदीचा लेप नको, लव चिकटते आणि ऊब जाते. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या तर नकोच. माश्या बसू देऊ नका, उन्हाळ्यात एका दिवसात अळ्या पडतात. मांजराचे दात लागले असतील तर जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. त्यातले जंतू फार लवकर पसरतात, आणि प्रतिजैविक वजनावर ठरतं. म्हणून रोज एकाच वेळी १ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून लिहा. सलग दोन दिवस वजन उतरणं हे डोळ्यांना दिसणाऱ्या कुठल्याही खुणेपेक्षा आधी धोका सांगतं.

हिप्परगा किंवा कंबर तलावाच्या काठी सापडलेलं तपकिरी-पिवळं पिल्लू बहुधा हळदी-कुंकू बदकाचं असतं. ते घरी ठेवायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तशी मनाई आहे. आई जवळपास असेल तर दुरून थांबा. जखमी असेल तर ऊब देऊन वनविभागाला १९२६ वर कळवा.

पाळीव पिल्लू खाऊ-चालू लागलं की थेट थव्यात टाकू नका. मोठी बदकं नव्याला चोचा मारतात. मधे जाळी लावून दोन-तीन दिवस एकमेकांना बघू द्या, मग पाण्याचं भांडं दोन ठिकाणी ठेवून संध्याकाळी सोडा.