तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांना सावजी बाधलं का?

नागपुरात कोणी पोटासाठी ॲडमिट झालं की पहिला प्रश्न हाच, सावजी खाल्लं होतं का, तर्री जास्त झाली का. बाबांच्या वेळेस भेटायला येणारा प्रत्येकजण हेच विचारत होता, अजूनही लग्नाकार्यात कोणी ना कोणी विचारतंच.

नाही हो. बाबांना झाला होता पायलेफ्लेबायटिस, म्हणजे आतड्याकडून लिव्हरला जाणाऱ्या शिरेत जंतू शिरून झालेली गुठळी, आणि तर्रीनं अशी गुठळी होत नाही. सुरुवात झाली आतड्यापासून. वय वाढलं की मोठ्या आतड्याच्या भिंतीला बारीक पिशव्या येतात, बहुतेकांना कळतही नाही, पण एखादी सुजून पिकली की ते डायव्हर्टिक्युलायटिस. शेंगदाणे, मक्याचे दाणे अडकून होतं असंही ऐकलं, पण २००८ साली अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांचा अभ्यास छापून आला त्यात तसं सापडलं नाही.

बाबांना बेंबीच्या खाली डावीकडे दुखत होतं, गॅस असेल म्हणून आठ दिवस ओव्यावर काढले, आणि आम्ही काढू दिले, याचं मला अजून वाईट वाटतं. मग ताप आला, भर मे महिन्यात कूलर बंद करून दोन ब्लँकेटं टाकली तरी दात वाजून राहिले होते. आम्ही मलेरिया मलेरिया करत बसलो, टेस्ट निगेटिव्ह, ताप उतरे आणि परत चढे.

शेवटी धंतोलीत शिरा नीट दिसाव्या म्हणून कॉन्ट्रास्टचं औषध टाकून सीटी स्कॅन केला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं की आतड्यातलं रक्त आधी पोर्टल व्हेननं लिव्हरला जातं, आणि सुजलेल्या पिशवीतले जंतू त्याच वाटेच्या शिरांमध्ये घुसले, शीर सुजली, रक्त गोठलं आणि गुठळीतच इन्फेक्शन. हाच तो पायलेफ्लेबायटिस. पुढे लिव्हरमध्ये पू होऊ शकतो. अँटिबायोटिक्स नव्हती तेव्हा यातून माणूस सहसा वाचत नसे. म्हणून म्हणते, काय खाल्लं ते नंतर विचारा, पोटदुखीसोबत हुडहुडी भरून ताप येतोय का ते आधी विचारा.

ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तात कुठले जंतू आहेत ते बघायच्या टेस्टमध्ये, ई. कोलाय हा आतड्यातला जंतू निघाला. सहा आठवडे अँटिबायोटिक्स चालली, आधी सलाईनमधून, मग गोळ्या. रक्त पातळ करायचं औषध द्यायचं की नाही यावर डॉक्टरांचंच एकमत नसतं म्हणे, बाबांची गुठळी वाढत होती म्हणून दिलं. दीड महिन्यानं दुसरा सीटी झाला, गुठळी बरीचशी विरघळली होती, त्यानंतर कोलोनोस्कोपी केली, म्हणजे दुर्बिणीनं मोठं आतडं आतून बघितलं, आत कॅन्सर वगैरे काही नाही म्हणाले. त्या दिवशी आई हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून रडली, इतके दिवस रडली नव्हती.